काळ्या बॉनेटवरचे तीन पट्टे

काळी गाडी घेतलेला माणूस मी लांबून ओळखते. तो गाडीतून उतरतो, दार लावतो, चार पावलं पुढे जातो आणि वळून बघतो. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यानं बायकोकडे असं बघितलं नसेल. मग त्याला बॉनेटवर धुळीचा कण दिसतो. खिशातला रुमाल काढून तो कोरडाच फिरवतो आणि समाधानानं निघून जातो. त्या एका फिरवण्यात त्यानं रंगावर पाच-पन्नास बारीक ओरखडे पाडलेले असतात. पुढच्या महिन्यात तो आमच्याकडे येणार आणि विचारणार, "मॅडम, हे जाळं कुठून आलं?" तुमच्या खिशातून आलं, साहेब. पण असं म्हणायचं नसतं. आम्ही म्हणायचो, "पोल्यूशन किती आहे ना सर."

बावीस वर्षं मी अंधेरी पूर्वेच्या एका गॅरेजात गाड्यांना पॉलिश मारलं. डेंटर पत्रा सरळ करायचा, पेंटर रंग मारायचा आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जायच्या आधी तिच्यावर शेवटचा हात माझा. बाई हे काम करते म्हटल्यावर लोकांना जरा वेळ लागायचा. मुलुंडचे एक बँकेतले साहेब होते. मी मशीन हातात धरून त्यांच्याच गाडीवर फिरवत होते, आणि त्यांनी मलाच विचारलं, "पॉलिशवाला कुठे गेलाय?" मी म्हटलं, "जेवायला." ते पाऊण तास खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात मी गाडी पुरी केली, पुसली, चावी दिली. जाताना म्हणाले, "आला नाहीच ना तो शेवटी?"

आमच्या भांडुपच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, शालनताई, काहीतरी प्रेरणादायी लिहा. परभणीहून आलेल्या गायकवाडांची मुलगी पुरुषांच्या धंद्यात कशी टिकली, वगैरे. लिहिता येईल, पण त्यात थापा फार माराव्या लागतील. मी गॅरेजात झाडू मारायच्या कामाला लागले होते, हे खरं. खाली वाकून झाडताना दारांच्या खालच्या बाजूला राहिलेलं काम दिसायचं, म्हणून मी पेंटरला सांगायचे, "उस्ताद, इथं राहिलंय." असं वर्षभर ऐकल्यावर कंटाळून त्यानं एक दिवस मशीनच माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ले, तूही कर." एवढीच माझी प्रेरणा. त्यापेक्षा मी एका रविवारची हकीगत सांगते. त्या दिवशी मी शर्यत जिंकल्यासारखी हसले आणि एका चांगल्या माणसाची नोकरी गेली.

आधी धंदा थोडा समजून घ्या. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. जाडी केसापेक्षा कमी. आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती या थराची, आणि ओरखडे पडतात तेही यातच. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा. म्हणजे आमचं प्रत्येक काम गाडीचा थोडा थोडा जीव घेतं. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. आधी कंपाउंड मारतात. ते भरड असतं, ओरखडा कापतं पण मागे धुरकटपणा ठेवतं. शेवटी येतं फिनिशिंग पॉलिश. ते मऊ, साईसारखं असतं. त्यानं धुरकटपणा जातो आणि बॉनेटमध्ये वरचा पंखा पात्यांसकट दिसतो.

आता यात एक लबाडी आहे. काही फिनिशिंग पॉलिश खरंच बारीक घासतात. काही घासत नाहीत, ओरखड्यांत नुसतं तेल भरतात. दिसायला दोन्ही सारखीच, उलट तेलवालं जास्त देखणं. चार-पाच वेळा गाडी धुतली की तेल निघून जातं आणि ओरखडे पुन्हा जागच्या जागी. ओळखायचं कसं? फडक्यावर स्पिरिट घ्यायचं आणि पुसायचं. स्पिरिट तेल उचलतं. उरेल ते खरं. धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि धंद्यातलं कुणीही गिऱ्हाइकासमोर स्पिरिट काढत नाही.

तर, आमचे मालक वर्तकसाहेब. एका सोमवारी मी कामावर आले तर गॅरेजचा बोर्ड बदललेला. आता आम्ही 'डिटेलिंग स्टुडिओ' झालो होतो. मागचा नाला तोच, छपराला पडलेली भोकं तीच, फक्त भिंतीला काळा रंग आणि छताला षटकोनी ट्यूबलाइटा. मला एक काळा टी-शर्ट मिळाला, पाठीवर इंग्रजीत 'पेंट करेक्शन स्पेशालिस्ट'. हजेरीच्या वहीत मी अजून 'मदतनीस'च होते. वर्तकसाहेबांचं म्हणणं असं की लोक आता काम बघत नाहीत, लाइट बघतात. त्यात ते चुकीचे नव्हते.

त्यांच्या मनात एक 'प्रीमियम फिनिश पॅकेज' होतं आणि त्यासाठी नवं पॉलिश हवं होतं. ते घेऊन आले पेडणेकर.

पेडणेकर हे एका वितरकाचे सेल्समन. मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले, गोरेगावला बरीच वर्षं काढलेली. शर्ट नेहमी इस्त्रीचा, खांद्याला रेक्झिनची बॅग. इतर सेल्समन आले की गॅरेजभर नजर फिरवून विचारायचे, "पॉलिशवाला कोण?" पेडणेकर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझे हात बघितले. कोपरापर्यंत पांढरे. म्हणाले, "ताई, पॉलिश तुम्हीच मारता ना?" बस, एवढंच. पण बावीस वर्षांत असं न सांगता ओळखणारे ते एकटेच. मी मशीनला जाड लोकरीचं पॅड लावून सगळं करायचे, तेव्हा फोमचं पहिलं चांगलं पॅड त्यांनीच आणून दिलं आणि कसं धुवायचं तेही दाखवलं. त्यांची-माझी ओळख अशी जुनी.

त्यांचं नवं पॉलिश काळ्या लांब मानेच्या बाटलीत होतं आणि त्याला द्राक्षाच्या गोळीचा वास होता. गाडीला द्राक्षाचा वास कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडे तोवर वसईकडच्या एका कारखान्याचं पॉलिश यायचं. पत्र्याच्या डब्यात. त्याला रॉकेलसारखा वास यायचा. अकरा वर्षं मी तेच वापरत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती पुढे काढून सांगत होते, "आमच्याकडे तेलबिल नाही, आमचं खरं पॉलिश."

तिसरं पॉलिश आणलं डॉक्टर चिटणीसांनी. हे बोरिवलीचे कातडीचे डॉक्टर. पेशंटच्या चेहऱ्याकडे ते दोन मिनिटं बघत असतील, पण आपल्या काळ्या गाडीच्या बॉनेटकडे टॉर्च लावून अर्धा अर्धा तास बघायचे. "शालनबाई, इथे पोअर्स दिसतायत," असं ते मला गाडीबद्दल म्हणायचे. त्यांच्या भाच्यानं अमेरिकेहून एक छोटी बाटली पाठवली होती. त्या काळ्या बाटलीबद्दल ऐकल्यावर ते वर्तकसाहेबांना म्हणाले, "असं तोंडी काय सांगता? सायंटिफिक कंपॅरिझन करूया. माझ्याच गाडीवर. तिन्ही पॉलिश शेजारी शेजारी."

वर्तकसाहेबांना यात फुकटची जाहिरात दिसली. डॉक्टरांचा गाडीवेड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यातले दहा-बारा जण रविवारी सकाळी बोलावले. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, समोसे सांगितले. मला म्हणाले, "शालनबाई, आज स्टुडिओच्या इज्जतीचा सवाल आहे. टी-शर्ट धुतलाय ना?"

मी मागच्या नळावर पॅड भिजवत होते तेव्हा पेडणेकर आले. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, "ताई, एक सांगू? आज स्पिरिट काढू नकात."

"म्हणजे तेलाचाच भरणा आहे तर तुमच्या बाटलीत."

"माका ठावक आसा, तुमका ठावक आसा. त्या खुर्चीवाल्यांक नको." एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण आतलं काही सांगायचं झालं की मालवणी निघायची. "दोन महिने विक्रीचा आकडा झाला नाही माझा. साहेब म्हणतो, नवीन पोरं घेतो. ताई, दोनच वर्षं रवली माझी रिटायर व्हायला. आजचा दिवस सांभाळून घेवा."

मी म्हटलं, "बरं."

हे 'बरं' मी म्हणाले होते, हे लक्षात ठेवा. मी तरी विसरू शकलेले नाही.

सगळे जमले. डॉक्टरांनी दोन्ही बाटल्यांना आणि आमच्या डब्याला वर्तमानपत्र गुंडाळून वर १, २, ३ असे आकडे टाकले. कुठला आकडा कशाचा ते फक्त त्यांना माहीत. "पॉलिश मारणाऱ्यालाही कळता कामा नये," असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. द्राक्ष आणि रॉकेल यांतला फरक कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही, पण मी गप्प बसले. बॉनेटवर उभ्या टेपा लावून तीन पट्टे केले. तिन्हींत तेवढंच जाळं, तेवढेच ओरखडे. टॉर्च लावल्यावर कोळ्यानं संसार थाटल्यासारखं दिसत होतं.

मग वर्तकसाहेबांनी पेडणेकरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. पेडणेकर उभे राहिले, घसा साफ केला आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागले. जर्मन तंत्रज्ञान, खोल चमक, धूळ कमी उडते. आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि वापरायला इतकं सोपं, की ताईसुद्धा मारू शकतात!"

सगळे हसले. वर्तकसाहेब सगळ्यात मोठ्यानं. मी खाली बसून मशीनच्या वायरचा पीळ काढत होते. पीळ निघाला तरी काढतच राहिले.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी ते ऐकलंही नसतं. त्या मुलुंडच्या बँकवाल्याचं मी नाही का हसण्यावारी नेलं? पण पेडणेकरांनी म्हटलं. ज्यांनी माझे हात बघून ओळखलं होतं, त्यांनी.

मी काम सुरू केलं. प्रत्येक पट्ट्याला नवं पॅड, तेवढाच वेग, डॉक्टर हातात घड्याळ धरून. प्रत्येकी चार मिनिटं. एखादा पट्टा मुद्दाम वाईट करणं मला जमलं असतं. तसं मी केलं नाही, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवा, कारण पुढे माझ्या बाजूनं फारसं काही नाही.

टेपा काढल्या. सगळे खुर्च्या सोडून बॉनेटवर वाकले. एक नंबरचा, म्हणजे आमच्या डब्याचा पट्टा चांगला होता. तीन नंबरचा, अमेरिकेचा, जेमतेम. ओरखडे थोडे कमी झाले होते पण दिसत होते. आणि दोन नंबर! काळाभोर, ओला, हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल असा. एकही रेघ नाही. लोकांनी मोबाइल काढले. हात वर करून मतदान झालं. दोन नंबरला सगळी मतं, दोन सोडून. ती दोन एक नंबरला. तीन नंबरला एकही नाही, खुद्द डॉक्टरांनी भाच्याला वाऱ्यावर सोडलं. डॉक्टरांनी कागद काढून दोन नंबरची काळी बाटली सगळ्यांना दाखवली. पेडणेकरांनी रुमालानं मान पुसली. वर्तकसाहेब पॅकेजबद्दल बोलायला लागले.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "एक मिनिट. शालनबाई, तुमचं मत काय?"

बावीस वर्षांत माझं मत पहिल्यांदा विचारलं गेलं, ते नेमकं तेव्हा. मी काहीही म्हणू शकले असते. चांगलं आहे म्हणाले असते तरी खोटं नव्हतं, दिसायला चांगलंच होतं. पण मी म्हटलं, "माझं मत कशाला सर? बघा की."

आणि फळीवरची स्पिरिटची बाटली घेतली.

पेडणेकर समोरच होते. त्यांनी मान अगदी जराशी हलवली. नको. मी ते स्वच्छ बघितलं. मग फडकं ओलं करून दोन नंबरवर फिरवलं आणि डॉक्टरांच्या हातातला टॉर्च घेऊन वर धरला.

जाळं परत आलं होतं. सगळंच्या सगळं. मागून कुणीतरी ओरडलं, "आयला, गाडीला मेकअप!" हशा पिकला. समोशाचा ठसका लागेपर्यंत लोक हसले. वर्तकसाहेबांनी वारा बघून लगेच पाठ फिरवली, "काय पेडणेकर, आम्हाला ब्यूटी पार्लर समजलात काय?" पुढच्या रांगेतला एक जण हे सगळं मोबाइलवर घेत होता, पेडणेकरांच्या तोंडासकट.

मीही हसले. चांगली तोंड भरून हसले.

पण डॉक्टर शास्त्रीय माणूस. ते म्हणाले, "आता एक आणि तीनवरही फिरवा."

मी म्हटलं, "त्याची काय गरज सर?"

"गरज म्हणजे? कंपॅरिझन आहे ना ही?"

मी एक नंबरवर फडकं फिरवलं. माझ्या डब्यावर. अकरा वर्षांत मी त्यावर स्पिरिट कधी फिरवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या बाटल्यांवर फिरवायचे, स्वतःच्या डब्यावर कशाला? टॉर्च मी जरा हळूच वर केला. तिथंही जाळं. पेडणेकरांच्या पट्ट्याइतकंच, कणभर जास्तच. अकरा वर्षं मी लोकांना जे खरं म्हणून सांगत होते ते रॉकेलच्या वासाचं तेल होतं.

कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. लोकांचं हसून झालं होतं. पेडणेकरांच्या मात्र लक्षात आलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी टॉर्चकडे.

तीन नंबर पुसला. तो होता तसाच राहिला. जेवढे ओरखडे खरोखर काढले होते तेवढेच गेलेले, उरलेले उरलेले. एकही मत न पडलेला तो एकटाच प्रामाणिक निघाला.

डॉक्टर चिटणीस बराच वेळ तिन्ही पट्टे बघत उभे होते. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "असं करा वर्तक, पूर्ण गाडीला दोन नंबरच मारा. पुढच्या रविवारी माझ्या मेव्हणीकडे लग्न आहे. फोटोत तोच छान दिसेल."

तुम्हाला वाटेल मी हे रंगवून सांगतेय. नाही. मीच मारलं ते, त्याच दुपारी. आणि त्या दहा-बारा जणांपैकी निम्म्यांनी पुढच्या दोन महिन्यांत तेच मारून घेतलं. वर्तकसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. जे पॉलिश धुतल्यावर जातं त्याचं गिऱ्हाईक परत येतं. खरं पॉलिश मारलं तर माणूस दोन वर्षं तोंड दाखवत नाही. प्रीमियम पॅकेज ठरलं, दर दोन महिन्यांनी. म्हणजे माझ्या स्पिरिटानं पॉलिशचं काही बिघडलं नाही. उलट त्याचं भलंच झालं.

बिघडलं पेडणेकरांचं. तो मोबाइलवाला हिरो. त्यानं ते सगळं ग्रुपवर टाकलं, वर लिहिलं, 'असे लोक आपल्याला फसवतात'. तिथून ते आणखी चार ग्रुपांवर गेलं. लोकांनी हसण्याचे पिवळे चेहरे लावले, पेडणेकरांच्या चेहऱ्यावर. आठवड्याभरात वितरकानं त्यांना काढलं. कंपनीचं नाव खराब केलं म्हणून. नाव खराब करणारं तेल बाटलीत कंपनीनंच भरलं होतं, पण बाटलीला काढून टाकता येत नाही ना.

पुढच्या महिन्यात तीच बाटली नव्या लेबलात आली. द्राक्षाऐवजी सफरचंदाचा वास. बरोबर नवा सेल्समन, दाढी कोरलेला. आत आल्या आल्या त्यानं गॅरेजभर नजर फिरवली आणि विचारलं, "पॉलिशवाला कोण?"

रिटायर होईपर्यंत मी तेच मारत राहिले. रोज. स्पिरिटची बाटली वर्तकसाहेबांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी किल्ली मागितली नाही. एकदा वाटलं होतं पेडणेकरांना फोन करावा. नंबर होता. पण फोन करून म्हणणार काय? आणि दुसरं, आतून अजून राग होताच. ते "ताईसुद्धा" कानात बसलं होतं. आपण चुकलो हे पटत असताना रागही तसाच शाबूत ठेवता येतो, हे मला तेव्हा कळलं. मला तर ते सहज जमलं.

दोनेक वर्षांनी घाटकोपरला एका नातेवाइकाला हॉस्पिटलात बघायला गेले होते. परत भांडुपला येताना बसमध्ये चढले तर खिडकीशी पेडणेकर. शर्ट इस्त्रीचा, मांडीवर बॅग. बस रिकामी होती, त्यांना टाळून मागे जाता आलं असतं. पण त्यांनी बघितलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

"काय ताई? बरं आहे?"

"बरं आहे. तुम्ही इकडे कुठे?"

"मुलुंडला राहतो आता, मुलीकडे. फिनाइल, फरशीचं लिक्विड विकतो. सोसायट्या, हॉस्पिटलं. बरं असतं. फरशीकडे टॉर्च लावून कुणी बघत नाही."

मी हसले नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आता कुठलं वापरतात?"

"तुमचंच," मी म्हटलं. "लेबल बदललंय."

"वा," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. विक्रोळी गेलं तरी ते बाहेरच बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "पेडणेकर, त्या दिवशी मी स्पिरिट काढायला नको होतं. बरं म्हणाले होते मी तुम्हाला."

"म्हणालात खरं."

"राग आला असेल."

त्यांनी जरा विचार केला. "स्पिरिटाचा नाय आला. ता खराच होता. कधी ना कधी कोणतरी काढणारच होता. पण तुम्ही हसलात, ताई. बाकीचे हसले त्याचा काय नाय, त्यांना काय कळतं? तुम्ही हसलात, ता माका लागला."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आणि तुम्ही? 'ताईसुद्धा मारू शकतात' म्हणालात, सगळ्यांसमोर. तुम्ही!"

ते माझ्याकडे बघायला लागले. खरोखर कोड्यात पडल्यासारखे. "मी? कधी?"

"त्याच दिवशी. सुरुवातीला. भाषणात."

ते आठवायला लागले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "ता होय. ता कंपनीचं वाक्य होतं ताई. छापून दिलं होतं आम्हाला, कागदावर. समोर बाई असली तर ताईसुद्धा, म्हातारा असला तर आजोबासुद्धा. मुंबईभर म्हणायचो. मी..." त्यांनी मांडीवरची बॅग सरळ केली, पुन्हा वाकडी केली. "माझ्या ध्यानातच आलं नाही, समोर तुम्ही आहात."

भांडुप आलं. कंडक्टरनं ओरडून सांगितलं. मी उठले नाही. त्यांनीही उतरा म्हटलं नाही. एका छापलेल्या ओळीसाठी मी काय करून बसले होते, ते मनात नीट मांडायला मला वेळ हवा होता. आणि खरं सांगायचं तर त्यातही मला एक गोष्ट आडवी येत होती. ती ओळ कागदावर होती म्हणून लागायची थोडीच थांबते? ध्यानात आलं नाही, हेच तर लागलं होतं. दोन्ही खरं होतं. मला एकातून दुसरं वजा करता येईना.

मुलुंड चेकनाक्याच्या आसपास मी म्हटलं, "माझं चुकलं, पेडणेकर."

"माझापण," ते म्हणाले.

एवढंच. आम्ही दोघं शेवटच्या स्टॉपला उतरलो. मला उलट जायचं होतं हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. म्हणाले, "तुमची बस पलीकडून मिळेल. गाड्या बघून जावा." मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. बस वीस मिनिटं आली नाही. त्यांचं घर कुठल्याशा गल्लीत आत होतं, पण तेवढा वेळ ते समोरच्या फुटपाथवर बॅग खाली ठेवून तसेच उभे होते. मधून गाड्या जात होत्या, काळ्या, पांढऱ्या, धुळीनं भरलेल्या, आणि दोन गाड्यांच्या मधे मला त्यांचा इस्त्रीचा शर्ट दिसायचा. बस आली तेव्हा मी हात केला. त्यांनीही केला, बॅग उचलली आणि चालायला लागले.